ट्रकची छागल

माझे सासरे आयुष्यभर फौजेत ट्रक चालवून निवृत्त झाले आणि अमरावतीकडच्या आपल्या गावी राहिले. लेकीच्या घरी दोन दिवसांवर मुक्काम करायचा नाही, हा त्यांचा नेम. पण काचबिंदूने एक डोळा गेला आणि दुसराही त्याच वाटेला लागला, तेव्हा बायकोने त्यांना जवळजवळ ओढूनच रायपूरला आणलं, शंकर नगरातल्या आमच्या घरी. आले तेही अंग चोरून. भाजीत मीठ कमी असलं तरी मागायचे नाहीत.

त्यांनी मागितली ती एकच गोष्ट. लष्करी गाड्यांची हुबेहूब छोटी मॉडेलं करायचा मला नाद आहे. एकदा माझ्या टेबलाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, आमचा ट्रक होते काय हो असा? डोळा हाये तंवर पाहून घेतला असता."

बाजारात परदेशी गाड्यांचे संच मिळतात, आपल्या ट्रकचा काही मिळेना. मग प्लास्टिकचे पत्रे कापून सगळं हातानेच करायला घेतलं. मूळ गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाचं माप. औषधाच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाची हरभऱ्याएवढी बादली झाली, गॉजपट्टीची वळकटी झाली, शिवायच्या दोऱ्याचे दोर झाले. राहिली छागल, म्हणजे पाण्याची कापडी पिशवी. ती ट्रकच्या नाकासमोर टांगलेली असायची, वाऱ्याने पाणी गार राहायचं. सासरे म्हणाले होते, "छागल नसली तं तो आमचा ट्रक नोहे." हात लागला की तुटेल म्हणून मी ती शेवटी ठेवली. ऑफिस शहराबाहेरच्या नव्या रायपुरात गेल्यापासून माझा दिवस तिथल्या रुंद रस्त्यांवर आणि तुरळक बसची वाट बघण्यात जायचा. बारीक काम काय ते सुट्टीच्या उजेडात.

नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशनने डोळा वाचेल, नाहीतर आहे तेवढंही दिसणार नाही. नवरात्रातल्या नवमीच्या संध्याकाळच्या गाडीने निघायचं ठरलं. नवमीची सुट्टी छागलेसाठी राखून मी निश्चिंत होतो.

सकाळी आंघोळ करून आलो तर टेबल मोकळं. देवघरापुढे पाटावर घरातली विळी, कात्री, हातोडी मांडलेली आणि त्यांच्याशेजारी माझी पाती, चिमटे, कानशी, ब्रश. सगळ्यांना हळदकुंकू. मधोमध ट्रक, बॉनेटवर ओल्या कुंकवाचं बोट. खंडेनवमी. आमच्याकडे या दिवशी अवजारं पुजतात आणि पुजलेलं अवजार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. दरवर्षी मी स्वतः ती पाटावर ठेवतो, माझी आई पूजा करते. यंदा नवमी म्हणजे सुट्टी, एवढंच लक्षात राहिलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आई, हे काय केलं? मले चिमटा पाहिजे आज."

"उद्या उचल."

"उद्या आम्ही नागपूरले राहू."

"मंग काल काहून नाही केलं?" आई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "डोळ्याचं ऑपरेशन हाये त्यायचं, अन् आजच पूजा मोडतं? काही वाकडं झालं तं मी त्यायले तोंड कसं दाखवू?"

मी आवाज चढवूनच काहीतरी बोललो. बायको बॅग भरता भरता दारात आली, दोघांकडे पाहून परत गेली. आतून सासऱ्यांचा आवाज आला, "जावईबापू, विहीणबाईचं बरोबर हाये. माह्यापायी पूजा नका मोडू. जसा हाये तसा दाखवा."

असा कसा दाखवू? एवढं एकच मागितलं होतं माणसाने.

"हा ट्रक तरी नेऊ का?" मी विचारलं.

"ने. ते काय अवजार हाये? खेळणं हाये तुह्यं."

ते मी गिळलं. खिडकीशी बसून नखांनी टिश्यू फाडला, डिंकात भिजवला, पोट यावं म्हणून आत हरभऱ्याच्या डाळीचा दाणा ठेवला. पहिली फाटली. दुसरी बोटालाच चिकटली. सासऱ्यांना दिसायचं ते भरपूर उन्हात. ऊन खिडकीतून सरकू लागलं तसा मीही त्याच्यामागे सरकत राहिलो. तिसरी जमली, करंगळीच्या नखाएवढी. काडेपेटीची काडी दातांनी तोडून पिशवीच्या तोंडाला बूच बसवलं, दुसऱ्या काडीने रंग दिला. पण टांगायला पट्टा हवा होता. दोरा लावला तर जाड, त्याची कुसळं कापायला कात्री नाही. स्टेशनला जायला रिक्षा सांगून झाली होती. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

आई समोर बसून आरतीच्या वाती वळत होती. केव्हापासून पाहत होती कोण जाणे. चिमूटभर कापूस तिने घेतला आणि मांडीवर वळला, इतका बारीक की केसच. "पुरते काय एवढा?" म्हणाली. मी मान हलवली. पट्टा तिने स्वतःच ओवला, आणि जिथे माझं बोट शिरत नव्हतं तिथे आपल्या वाळक्या बोटाने छागल टांगली.

सासऱ्यांना खिडकीत बसवलं. त्यांनी ट्रक उरलेल्या डोळ्याजवळ नेला. बॉनेटवर कुंकू पाहून आईकडे वळून म्हणाले, "आमीबी लावत होतो." मग छागलेपाशी थांबले. डिंक सुकला नव्हता, पिशवी खालून काळपट दिसत होती, पाणी झिरपल्यासारखी.

"वली हाये," ते म्हणाले. "भरेल हाये छागल."

मी आणखी काहीतरी ऐकायला टपलो होतो. बादली दाखवायची होती, वळकटी दाखवायची होती. पण त्यांनी ट्रक माझ्या हातात दिला. "झकास झाला. आता ठेवून द्या, जावईबापू." एवढ्या महिन्यांच्या कामाला इतकंच? मला वाईट वाटलं, लपवत नाही.

"पोरीले बोलवा," ते म्हणाले. "उजेड हाये तंवर तिले पाहून घेतो."

बायको ओले हात पदराला पुसत आली. त्यांनी तिला समोरच्या स्टुलावर बसवलं, हनुवटी धरून तोंड उन्हाकडे केलं. कुठे पाहावं ते तिला कळेना. "बाबा, काय पाहून राहिले?" तिने विचारलं. त्यांनी हनुवटी आणखी जरा उजेडाकडे वळवली. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला, तेव्हा आई त्याला थांबायला सांगायला गेली.

डोळा वाचला नाही.