मुकादमाची दाढ

माझ्या मामाचा राग नाकावर असतो, असं घरातले सगळे म्हणतात. गिऱ्हाईकाने फोटो घडी घालून आणला की तो चिडतो, काचेवर बोटं उमटवली की चिडतो, आणि "जरा लवकर करून द्या" म्हटलं तर फोटो परत हातात ठेवून सांगतो, "लवकर करणारे पुढच्या चौकात आहेत, त्यांच्याकडे जा." तरी लोक येतात. मामाने केलेल्या फ्रेमचे कोपरे असे जुळतात, की त्यांच्यात नख शिरत नाही.

दुकान म्हणजे एक लांबुडकी खोली. भिंतीला टेकवलेल्या लाकडी पट्ट्या, मधे काच कापायचं टेबल, मागे सरस आणि पॉलिशचे डबे. खिडकी नाही. घर बरोबर वरच्या मजल्यावर. त्या टेबलाखाली मुकादम झोपायचा. कुत्र्याचं पिल्लू होता तेव्हा एका पावसात प्लायवूडच्या थप्पीमागे येऊन बसला आणि परत गेलाच नाही. कोण काय काम करतंय हे मान वर करून बघत बसायचा, म्हणून मामाने त्याचं नाव मुकादम ठेवलं. आता तो म्हातारा झाला होता. तोंड पांढरं पडलं होतं आणि उठताना मागचे पाय आधी सरळ करून घ्यायचा.

वासाची पहिली तक्रार मामीने केली. मुकादम वर घरात आला आणि तिच्या मांडीवर हनुवटी ठेवून बसला, तशी ती मागे सरकली.

"अहो, याच्या तोंडाला घाण वास येतोय."

"कुत्र्याच्या तोंडाला काय अत्तराचा वास यायचा?" मामा म्हणाला.

मग शेजारचा चष्मेवाला बोलला. तो आमच्या दुकानात गप्पा मारायला यायचा, तो दारातच थांबू लागला. मग गिऱ्हाइकं नाक मुरडू लागली. एक बाई नाकाला रुमाल लावून उभ्या राहिल्या तेव्हा मामाने त्यांची ऑर्डरच घेतली नाही. त्याला वाटायचं, कुत्रा म्हातारा झालाय, दिसायला बरा राहिला नाही, म्हणून लोकांना तो नकोसा झालाय आणि वासाचं आपलं निमित्त. त्या जिद्दीने तो मुकादमाला आंघोळ घालत सुटला. साबण, शाम्पू, सगळं झालं. कुत्रा चकचकीत झाला आणि वास होता तिथेच राहिला.

घरात दादा आणि वहिनी, म्हणजे मामाचा मुलगा आणि सून. त्यांची मुलगी नुकती रांगायला लागली होती. वहिनी तोंडाने फार बोलायची नाही, पण मुकादम खोलीत आला की मुलीला उचलून दुसऱ्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. ते दार लागलं की मामाच्या डोक्यात तिडीक जायची. दादाने कुत्र्यांसाठी मिळतात तशा, दात साफ करणाऱ्या कडक काड्या आणल्या. मुकादमाने एक तोंडात धरली, खाली ठेवली आणि तिच्याकडे बघत बसला.

"बघा, फुकटचं खात नाही तो," मामा म्हणाला. आम्ही हसलो. आज ते हसू आठवलं की मला बरं वाटत नाही.

शेवटी मामीच्या हट्टापायी मामा त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर फोनवर बोलत होता. बोलता बोलताच त्याने मुकादमाच्या पाठीवरून हात फिरवला, वय विचारलं आणि म्हणाला, "वय झालं की असं व्हायचंच. हे पाण्यात टाका, वास कमी होईल." हिरव्या औषधाची बाटली दिली. तोंड त्याने उघडलंच नाही. मामाला तेव्हा राग आला नाही, उलट बरं वाटलं. वय झालंय, एवढंच आहे, असं त्याने घरी येऊन ठणकावून सांगितलं. मुकादमाने ते हिरवं पाणी प्यायचं बंद केलं आणि जिन्याखालच्या बादलीतलं पिऊ लागला.

मग एका दुपारी तो मामाला चावायला धावला. मामा त्याचं तोंड ओल्या फडक्याने पुसत होता. डाव्या गालाला फडका लागला आणि मुकादमाने गुरकावून हातावर झडप घातली. दात लागले नाहीत, पण मामा मागे पडला आणि काचेची पट्टी फुटली. आवाज ऐकून दादा वरून धावत आला.

"आता बस झालं, बाबा," तो म्हणाला. "घरात लहान पोर आहे. आज तुम्हाला केलं, उद्या तिला करेल. अशा कुत्र्यांना ठेवून घेतात अशी जागा आहे. मी बोलून ठेवतो."

"आधी मला ठेवून ये तिथे," मामा म्हणाला.

"विषय तो नाहीये."

"विषय तोच आहे. म्हातारा झाला, वास मारतो, गुरगुरतो. उद्या मीही करणार आहे हे सगळं. तेव्हा कुणाशी बोलून ठेवशील?"

शब्दाला शब्द वाढला. मामी मधे पडली तर तिलाही बोलणी बसली. त्या दिवसापासून मामाचं वर येणं झोपण्यापुरतं उरलं. जेवणाचा डबा दुकानात मागवायचा आणि टेबलाखाली मुकादमाशेजारी बसून जेवायचा. मी जाऊन-येऊन असायचे, म्हणून मामीने मला घरी फोन केला. "तुझंच ऐकतो तो. ये आणि बघ काय ते."

मी गेले तेव्हा मामा भात कालवून त्याला भरवत होता. मुकादम मान तिरकी करून उजव्या बाजूने गिळत होता. वास मला दारातच आला, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मीही बाहेरच थांबले. पण जवळ गेल्यावर दिसलं, त्याच्या डाव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज होती.

"मामा, हे कधीपासून?"

"अंगावर आला त्याच्या आधीपासून. माशी चावली असेल."

मी दोघांना गाडीत घातलं आणि दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती, केस बारीक कापलेली. तिने मुकादमाशी थोडं बोलून घेतलं, मग अंगठ्याने वरचा ओठ हलकेच उचलला. आत बघून मी डोळे मिटले. दात दिसतच नव्हते, त्यांच्यावर तपकिरी कीट दगडासारखं चढलं होतं. हिरड्या लालभडक, आणि मागच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू.

"ही दाढ मुळापासून सडलीय, त्याची सूज डोळ्याखाली आलीय," ती म्हणाली. "बऱ्याच दिवसांपासून एकाच बाजूने खात असणार. खूप दुखत असणार याला."

"दुखत असतं तर ओरडला असता," मामा म्हणाला.

"कुत्री ओरडत नाहीत. खायचं बंद होईपर्यंत सोसतात. एवढा वास सुटला तरी उशीर कसा केलात? तुम्हाला नाही आला वास?"

"त्याचा काय संबंध?"

तिने मुकादमाचा ओठ सोडला आणि मामाकडे वळून बघितलं. मामाने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं, जसं तो फ्रेमचा कोपरा तपासताना फिरवतो.

"नाही येत," तो म्हणाला. "मला कसलाच वास येत नाही. पॉलिशने नाक गेलंय. बरीच वर्षं झाली."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "मामीला माहीत आहे?"

"तिला कशाला सांगायचं? जेवणाला नावं न ठेवता जेवतो म्हणून खूश असते ती."

नाकावर राग म्हणून आम्ही जन्मभर त्याला चिडवलं, आणि ते नाक कामातून गेलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मामाचा स्फोट झाला. आवाज चढवून नाही. दातओठ खात, एकेक शब्द तोडत.

"सगळे म्हणाले, वास येतो. बायको म्हणाली, पोरगा म्हणाला, चष्मेवाला म्हणाला. एकाने तरी म्हटलं का, याला दुखत असेल? नाकं होती ना सगळ्यांना? आणि तो डॉक्टर. तोंडाचा आजार, आणि त्याने तोंड उघडलं नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. आणि याच्या दुखऱ्या गालावर मी रोज फडका घासला."

डॉक्टरीण म्हणाली, "चिडा, पण आधी ठरवा. सडलेले दात काढायला भूल द्यावी लागेल. म्हातारा आहे, धोका थोडा आहे. रक्त तपासून, हृदय बघूनच देईन. नाही काढले दात, तर हा पू आतच राहील."

मामा तिच्याशीही भांडला. भुलेतून उठला नाही तर काय, नुसत्या गोळ्या का नाही चालणार. तिने प्रत्येक गोष्टीचं उत्तर दिलं आणि एकदाही घड्याळ बघितलं नाही. त्यामुळेच तो तयार झाला असं मला वाटतं.

ऑपरेशनच्या दिवशी मामी न सांगता आली. मामाने नाकाचं तिला सांगितलं होतं की नाही, मी विचारलं नाही. ती त्याच्याशेजारी बसली, तसा तो थोडा पलीकडे सरकला. जीव टांगणीला लागला होता, मामाला धड बसवेना. समोरच्या भिंतीवर मांजरांच्या आजारांचा तक्ता वाकडा लावला होता. तो उठला, खुर्चीवर चढला आणि तक्ता सरळ करताना मदतनीस मुलीला ऐकवू लागला की खिळा कुणी ठोकलाय, त्याला डोळे आहेत की नाही. मामी खालून खुर्ची धरून उभी राहिली. "ओरडा," ती म्हणाली, "पण पडू नका."

मुकादम भुलेतून उठला. मागच्या बहुतेक दाढा गेल्या, पुढचे दात राहिले. निघालेल्या दाढा मामाने डबीत मागून घेतल्या आणि थेट त्या पहिल्या डॉक्टरकडे गेला. मी सोबत होते. त्याने डबी टेबलावर उपडी केली.

"हे वय आहे का?" मामाने विचारलं.

डॉक्टर दाढांकडे बघत म्हणाला, "तेव्हा एवढं नसेल कदाचित."

"कदाचित. ओठ उचलायचा असतो, एवढंच. त्यासाठी फोन खाली ठेवावा लागतो."

 त्याने माफी मागितली नाही. मामा तिथून तसाच संतापलेला बाहेर पडला आणि दाढा टेबलावर राहू दिल्या. वाटेत म्हणाला, "हा अजून दहा जणांना बाटली देईल." पुढे तो प्रत्येक कुत्रेवाल्याला रस्त्यात थांबवून विचारू लागला, "ओठ उचलून बघितलात का?" लोक बिचकतात. काही जण बघतातही.

जखमा भरल्यावर मुकादम बदलला. मऊ केलेल्या जेवणाचं सगळं ताट चाटून पुसून खातो, जिना चढतो, गिऱ्हाइकाच्या पिशवीत तोंड घालतो. उरलेले दात मामा रोज सकाळी बोटाला कापड गुंडाळून, कुत्र्यांसाठीच्या पेस्टने घासतो. माणसांची चालत नाही, हे डॉक्टरणीने बजावलंय. मग तो मामीला हाक मारतो आणि मामी वाकून मुकादमाच्या तोंडाचा वास घेते.

"ठीक आहे," ती सांगते. कधी म्हणते, "डावीकडे जरा बघा." तो बघतो.

चष्मेवाला पुन्हा आत येऊन बसू लागला. आल्या आल्या म्हणाला, "वास गेला की." मामाने त्याला स्टूल दिलं, पण चहा सांगितला नाही.

दादाशी मात्र अजून सरळ झालेलं नाही. एका रविवारी तो मुलीला कडेवर घेऊन खाली आला आणि मुकादमासमोर बसला.

"बाबा, तेव्हा मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं," मामा म्हणाला. "पण मी त्याला कुठे पाठवायला निघालो नव्हतो."

दादाने मुलीला खाली सोडलं. मुलीने मुकादमाचा कान धरला, मुकादमाने तो सोडवून घेतला नाही. मामाने काच कापायला घेतली. थोड्या वेळाने, वर न बघता तो दादाला म्हणाला, "तिला जरा मागे घे. इथे काचा उडतात."