लेट म्हणजे उशीर

हमीदाचाची गादी शिवून झाली की गिऱ्हाइकाला देण्याआधी स्वतः तिच्यावर आडवी व्हायची. भर रस्त्यात, मंगळवार पेठेत, सायकली जात-येत असताना. भुवयांवर कापूस, डोळे मिटलेले. कुठे गाठ टोचली तर उठून शिवण उसवायची. कुणी हसलं तर ओरडायची, "हसतोस काय रं? तुझ्या पाठीला टोचलं तर मला शिव्या देशील की!"

नवरा गेल्यावर त्याची कापूस पिंजायची कमान तिनेच हाती घेतली. मुलगी मिरजेला दिलेली. मुलगा युसूफ मुंबईहून बोटीवर चढला आणि पुढे मलेशियातल्या पेनांग बंदरात एका खाणावळीत कामाला राहिला. दोघांचीही पत्रं मी वाचून दाखवायची. आमचं घर तिच्या शेजारीच. मी तेव्हा नुकतीच मुलींच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवायला लागले होते. "माझी मास्तरीण," असं ती मला चारचौघांत म्हणायची.

बाहत्तर सालाच्या सुमारास चार महिने युसूफचं पत्र नव्हतं. मग एक लांब लिफाफा आला. आत एकच छापील कागद, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मलय. मी नेहमीसारखं मोठ्याने वाचत, मराठीत सांगत गेले. 'द लेट युसूफ' यांचं सामान अमुक कचेरीत ठेवलं आहे, जवळच्या नातेवाइकाने सही करून मागवावं. वाचता वाचता अर्थ डोक्यात शिरला आणि माझा आवाज थांबला. नावाआधी 'द लेट' आलं की त्याचा अर्थ कैलासवासी. हे मी वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं.

चाची माझ्या तोंडाकडे बघत होती. "लेट म्हंजे उशीर न्हवं? गाडी लेट हाय म्हंत्यात, तसं?"

मी हो म्हणाले.

"मग उशिरा येतोय म्हन की! सामान म्होरं धाडलंय त्येनं." तिने कागद माझ्या हातातून घेतला, कपाळाला लावला. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. उद्या सांगू, मिरजेहून मुलीला बोलावून घेऊन सांगू, असं मी मनाशी ठरवत राहिले. मुलीला पत्र टाकलं, तर ती बाळंतीण झालेली, तिला उठता येईना.

दुसऱ्या दिवसापासून चाची रोज सकाळी मुंबईच्या गाडीला स्टेशनवर जायला लागली. परत येताना माझ्या दारात थांबून सांगायची, "आज न्हाय आला." दुपारी त्याच्या वाटणीची भाकरी ताटाखाली झाकून ठेवायची, संध्याकाळी तीच आपण खायची. गिऱ्हाइकांची कामं बाजूला पडली. तिने युसूफसाठी नवी गादी भरायला घेतली. कमानीचा आवाज भिंतीपलीकडून आमच्या घरात यायचा. आई म्हणाली, "तू सांगत नाहीस तर मी सांगते." मी तिचे हात धरले. जितका एकेक दिवस जाई, तितकं सांगणं जास्त अवघड होई.

सतराव्या दिवशी ती स्टेशनवरून आली ती सरळ आत आली. चेहरा ओढलेला. कनवटीचा कागद काढून तिने माझ्यापुढे धरला.

"किती लेट? तारीख दिलीया का न्हाय? मागली बाजू तू वाचलीच न्हाईस."

"ती त्यांच्या भाषेत आहे, चाची. मला कळत नाही."

"अक्षरं तर इंग्रजीच दिसत्यात. तू नुसतं वाच. मी ऐकतो."

माझ्यापाशी सबब उरली नाही. न समजणारे शब्द मी एकेक अक्षर लावत वाचत गेले. नावापर्यंत आले. "अल्लाह... यार... हम... युसूफ बिन दस्तगीर..."

"थांब." तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "परत म्हन."

मी परत म्हणाले. तिने तो शब्द माझ्या तोंडातून घेतला आणि नीट करून उच्चारला, "अल्लायरहम." मग कागद माझ्या हातातून काढून घेतला. "अल्ला त्येच्यावर रहम करो. जित्या मानसाच्या नावाआधी असं कोन लावत न्हाय." ओठांतल्या ओठांत तिने काही म्हटलं, पदर डोक्यावर ओढला.

"तुला ठावं हुतं?"

मी मानेनेच हो म्हटलं.

मला वाटलं ती ओरडेल, मारेल. तिचा आवाज मोठा, मंगळवार पेठेला माहीत असलेला. पण ती हळू बोलली. "सतरा दिस मी त्येची वाट बगितली, पोरी. सतरा दिस त्येच्यासाठी फातिहाची दुवा पढायची ऱ्हायली. माझं पोरगं तिकडं एकलंच, आन मी हितं भाकरी झाकून बसलोय."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने मला दूर केलं नाही, जवळही घेतलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पत्र लिव. कबर कुठं हाय त्येवढं इचार." मी लिहिलं, तिने खाली अंगठा उठवला. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली असं नाही. आईची चौकशी करायची, सणाला शीरखुर्मा पाठवायची. माझ्या लग्नातली गादीही तिनेच भरून दिली. पण मिरजेहून मुलीचं पोस्टकार्ड आलं, की ते पदरात धरून ती माझ्या उघड्या दारावरून पुढे जायची आणि चौकातल्या पोस्टात, अनोळखी कारकुनाकडून वाचून घ्यायला, रांगेत उभी राहायची.