तिच्या नावावरचे फाउल

जिल्ह्यातल्या मुलींच्या बास्केटबॉलचे स्कोअर मी वीस वर्षं लिहिले. पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जाते, म्हणून आम्ही टेबलावरचे लोक हुकमी पोरीचे फाउल साध्या पोरीच्या नावावर टाकायचो, तेही चारच. आपली टीम विभागीय सामन्यांसाठी नागपूरला पोचली पाहिजे, बस्स! यात काही वावगं आहे असं एकालाही वाटलं नाही.

परवा सिंदी मेघेतल्या आमच्या शेजारची पोरगी घरी आली. ती त्याच टीममधली. आता समुद्रपूरला शिक्षिका आहे. मोबाइलवर भारताच्या मुलींच्या आंतरराष्ट्रीय सामन्याची आकडेवारी उघडून तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

"काका, हिचेही चार फाउल. तरी हिले पुढच्या मॅचले घेतलं. मले तं निवडीत म्हणाले, तू आडदांड आहेस, दर मॅचले चार फाउल करतेस. मंग मी खेळणंच सोडलं."

खेळ तिनं का सोडला, हे मला आज कळत होतं.

"तुम्ही तं टेबलावर राहायचे, काका. खरंच एवढे फाउल केलते का मी?"

एकही नाही. पण मी म्हणालो, "आता कुठं आठवतं!"