पाणी मागणारी बाई

आलापल्लीच्या भर उन्हातसुद्धा बाई पाण्याची बाटली घेऊन घराबाहेर पडत नसत. एसटीत बसल्या की शेजारच्या अनोळखी माणसाकडं वळून म्हणायच्या, "भाऊ, घोटभर पानी देता का?" त्या निवृत्त अंगणवाडी सेविका, आमच्या पंचवीस-तीस माणसांच्या ख्रिस्ती मंडळीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या.

मी चिडवायचो, "बाई, एवढी कंजुषी बरी नाही." त्या हसायच्या. "माझ्या मायले लोक वरून ओंजळीत पानी टाकत, बाबू. मी मांगून पिते. अन् पानी देनाऱ्याचं मन आपसूकच मोकळं होते." ते खरंच होतं. पाण्यावरून गोष्ट विहिरीवर जाई, विहिरीवरून धानावर, धानावरून घरातल्या दुखण्यावर. मग बाई हळूच विचारत, "माझ्या येशूले सांगू का तुमच्यासाठी?" कोणी नको म्हटलं तर "बरं" म्हणून पुन्हा धानावर येत. निर्वासितांच्या वस्तीतल्या एका बंगाली बाईनं प्रार्थना नको म्हणून सांगितलं, पण मुरमुरे मात्र त्यांच्या पदरात घातले.

खोटं त्यांना जमायचंच नाही. एकदा कंडक्टर म्हणाला, "आजी, पंच्याहत्तर झाले असन ना? फुकट बसा." तर म्हणाल्या, "दोन महिने बाकी हायेत भाऊ, अर्धं तिकीट फाड." मी हसलो, तेव्हा मला म्हणाल्या, "खोट्या तोंडानं देवाचं नाव घेऊ नाई."

मी मुलचेऱ्याच्या एका कचेरीत नवा कारकून होतो. रविवारी बाईंच्या शेजारी बसून गीतं म्हणायचो आणि सोमवारी ते कुणाला कळू नये म्हणून जपायचो. त्या अर्ध्या तिकिटाच्याच महिन्यात एका दुपारी बसमध्ये साहेब माझ्या शेजारी बसले होते. बाई चढल्या, जागा नव्हती, घामानं निथळत उभ्या राहिल्या. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला. "बाबू, घोटभर पानी दे." भरलेली बाटली माझ्या मांडीवरच होती.

साहेब म्हणाले, "हे तेच बाई ना, लोकायचा धर्म बदलवून राह्यली ते? तुमच्या ओळखीची आहे काय?"

"नाही," मी म्हणालो आणि बाटली पिशवीत सरकवली.

साहेबांनी बाईंनाच विचारलं, "काऊन बाई, यायले ओळखता काय?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "नाई साहेब. चुकलं माझं. दुसऱ्याच पोरासारखे दिसले."

जन्मभर जपलेलं तोंड त्यांनी माझ्यासाठी विटाळलं. मागच्या सीटवरच्या एका परक्या म्हातारीनं त्यांना पाणी दिलं.

रविवारी माफी मागायला त्यांच्या दारात गेलो आणि उंबऱ्यावरच थांबलो. "बस बाबू," त्या म्हणाल्या, "पयले मले माठातलं पानी दे." मी गिलास भरून दिला. त्यांनी तो सावकाश रिकामा केला आणि मंडळीतल्या कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट काढली. मला खूप लाज वाटली.

पंच्याहत्तरीचे ते दोन महिने पुरे व्हायच्या आत बाई गेल्या. मातीला जाण्यासाठी मी सुट्टी मागितली, तेव्हा अर्जात 'दूरच्या नातेवाईक' असं लिहिलं.

आता मीही बाटली घरीच ठेवतो. मुलचेरा येईपर्यंत घशाला कोरड पडते. शेजारचा माणूस आपल्या बाटलीचं झाकण उघडतो, आणि मी खिडकीबाहेर बघत बसतो.