नोलबेर्तोचा देवमासा

नोलबेर्तो आरावेनाला लोक हट्टी म्हणतात. मी म्हणते, हट्टी माणूस कधीतरी ऐकतो तरी. माझं पावाचं दुकान आणि त्याचं फ्रेमचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे. एकोणीस वर्षं मी त्याची ठोकठोक ऐकतेय, तेव्हा बोलायचा हक्क माझा.

चिलीतल्या आमच्या वालपाराइसो गावात टेकड्यांवरच्या घरांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या. नोलबेर्तो त्यांचे फोटो काढतो, मोठ्या कागदावर छापून आणतो आणि पाडलेल्या घरांच्या लाकडाची फ्रेम करून विकतो. लोक ती हौसेनं बैठकीच्या खोलीत लावतात. खालच्या चौकातले दुकानदारही तेच विकतात, पण ते विजेच्या तारा, भेगा, कचऱ्याच्या पिशव्या सगळं कॉम्प्युटरवर पुसून टाकतात. नोलबेर्तो काही म्हणजे काही पुसत नाही. एक बाई म्हणाली, "यातलं मांजर तेवढं काढा, माझ्या सोफ्याला शोभत नाही." यानं विचारलं, "सोफा काढला तर?" बाई गेली ती गेलीच.

त्याचं सगळ्यात खपणारं चित्र म्हणजे देवमासा. क्लोरिंदामावशींच्या घराची दरीकडची अख्खी भिंत त्यानं व्यापलीय. रंगवणारी पोरगी काम संपवून मेक्सिकोला गेली, ती काही परत येत नाही. नोलबेर्तोनं फोटो काढला त्या दिवशी माशाच्या पोटाखाली दोरीवर मावशींची गुडघ्यापर्यंतची गुलाबी चड्डी वाळत होती. तीही अर्थातच फोटोत आली.

आणि तिथंच माशी शिंकली. मावशींची दूर कोन्सेप्सिओन शहरात राहणारी भाची झुलेमा तिथल्या दातांच्या डॉक्टरकडे गेली, तर समोर भिंतीवर फ्रेममध्ये ती चड्डी. तिनंच मावशींना भेट दिलेली, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. तिनं तेवढ्याच भागाचा फोटो काढून मावशींना पाठवला.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी एकशे बासष्ट पायऱ्या चढून पाव घेऊन गेले. गुडघ्यांमुळे मावशी चार वर्षांत खाली उतरलेल्या नाहीत. फोन हातात धरून त्या दारातच उभ्या होत्या.

"एदिता, त्या फ्रेमवाल्यानं माझी चड्डी दवाखान्यात टांगलीय! अशी किती घरांत आहे?"

"असतील तीनशे," मी बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही.

"तीनशे!" मावशी खुर्चीत बसल्या. "रविवारी झुलेमाचा नवरा पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन येतोय. भिंत माझी आहे. मासा नको नि चड्डी नको."

मी हे सांगितलं तसा नोलबेर्तोचा चेहरा उतरला.

"तुझ्याकडे फोटो आहे की," मी म्हटलं.

"भिंत गेल्यावर त्याला फोटो नाही म्हणत, एदिता. मेलेल्याची तसबीर म्हणतात."

"मग पूस ना बाबा ती चड्डी! जगबुडी होणारेय का?"

दोन दिवस भिंतीपलीकडून ठोकठोक दुप्पट जोरात चालली. शनिवारी दुपारी मात्र दुकानाला कुलूप लावून, सगळ्यात मोठी फ्रेम दोरीनं पाठीला बांधून निघाला. मी मागून धावले. "पुसलीस?"

"नाही. आधी त्यांना बघू दे. मग म्हणाल्या तर पुसेन."

'पुसेन' हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. खरं सांगते, मला त्याची दया आली. पायरीपायरीवर बसत तो चढला. वाटेत कुणीतरी विचारलं, "काका, घर बदलताय का?" तो धापा टाकत पुढच्या पायरीवर टेकला.

"आलास?" मावशी गरजल्या. "लाज वाटते का?"

"दम लागलाय. लाज जरा थांबून वाटेल. आत येऊ?"

त्यानं चित्र खुर्चीवर टेकवलं. चड्डीवर ठेवायला मावशींचं बोट तयारच होतं. ते खाली गेलं, थबकलं आणि हळूहळू वर सरकलं.

"ही खिडकी..."

"तुमच्या स्वयंपाकघराची," नोलबेर्तो म्हणाला.

"मग ती माशाच्या डोळ्यात काय करतेय?"

"तोच डोळा आहे, मावशी."

तेव्हा आम्हाला कळलं, मावशींनी आपला मासा कधी पाहिलाच नव्हता. गुडघ्यांमुळे त्या घरात अडकल्यावर त्या पोरीनं "मासा काढू का?" विचारलं, यांनी "काढ" म्हटलं. गल्लीतून फक्त शेपटीचा तुकडा दिसतो. पूर्ण मासा बघायला दरीपलीकडे, माझं घर आहे त्या टेकडीवर यावं लागतं.

मी म्हटलं, "तुम्ही संध्याकाळी दिवा लावलात की आमच्याकडची पोरं ओरडतात, मासा उठला! एखाद्या दिवशी नाही लागला, तर माझी सासू विचारते, बाईंना बरं नाही का गं?"

मावशींनी चित्रातल्या त्या खिडकीवरून बोट फिरवलं. "मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "मी इथं आहे हे फक्त पाववालीला ठाऊक आहे."

डोळे पुसायला मी पावाचं फडकं वापरलं.

"मग... चड्डी पुसू?" नोलबेर्तोनं विचारलं.

"गप रे! माणसं राहतात तिथं कपडे वाळणारच. पण पुढच्या वेळी आधी हाक मार, चांगली चादर घालीन दोरीवर. आणि हे चित्र आता परत न्यायचं नाही."

त्यानं त्याच भिंतीला, आतल्या बाजूनं, खिडकीशेजारी खिळा ठोकला. रविवारी आलेला पांढरा रंग न्हाणीघराला लागला.

गेल्या महिन्यात झुलेमाच्या बाळाच्या बारशाला मावशींना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. कोन्सेप्सिओनला पोचल्या न पोचल्या तोच त्यांचा नोलबेर्तोला फोन. "किल्ली शेजारी आहे. जा, दिवा लाव. लोक वाट बघत असतील."

मी माझ्या गच्चीत चहा-पाव घेऊन बसले होते. खिडकी उजळली. पोरं ओरडली, "मासा उठला!" तेवढ्यात दिवा गेला. पुन्हा लागला. पुन्हा गेला. वीज गेली म्हणावं, तर बाकीची घरं उजळलेली. मग माझ्या लक्षात आलं. चित्रातली एक तारही न पुसणारा हा माणूस एकशे बासष्ट पायऱ्या चढून गेला होता आणि अख्ख्या टेकडीला डोळा मारत होता. गच्च्यागच्च्यांवर लोक हसत बाहेर आले. माझ्या सासूनंही आधी इकडेतिकडे बघून घेतलं आणि माशाकडे बघून एक डोळा मिटला.