कड्यातली फट

पुण्याच्या एका कॉलेजातल्या सरांनी मला फसवलं. ठरलेले पैसे त्यांनी चोख दिले. नेली ती माझी युक्ती.

भोरात तेव्हा मोबाईल नुकते दिसू लागले होते. माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा नववीत सुटली, धंदा बघून बघून शिकलो. सरांना रुपयाएवढी पन्नास-साठ तांब्याची कडी हवी होती, प्रत्येकाला एक बारीक फट, आणि सगळी ओळीने एका फळीवर बसवलेली. पुण्यात हाताने करून द्यायला कुणी तयार नसणार, हे मी त्यांच्या तोंडावरून ओळखलं आणि भाव दुप्पट सांगितला.

सरांनी काढून दिलेला कागद दाखवून कडी बांगड्या घडवणाऱ्या कासारमामांकडून करून घेतली. मार्गासनीच्या माळावर मोबाईलचा टॉवर नव्हता, म्हणून सरांना बरोबर घेऊन फळी टेम्पोतून तिकडे नेली. अलीकडे लहरी सोडणारं यंत्र, पलीकडे काट्याचं मीटर. एक ठराविक लहर फळी अडवेल, बाकीच्या जाऊ देईल, असं सर म्हणाले होते. फळीने काहीच अडवलं नाही. जवळ जाऊन पाहिलं तर सगळ्या फटी डाख देऊन बुजवलेल्या.

मी भोरला येऊन मामांवर तोंड सोडलं.

"वाढल्याली कडी गिऱ्हाइकाला कशी द्याची? सांधून दिली," मामा म्हणाले. "कागद तुजा आसंल, हात माजा हाय."

फुटली, चिरली हे शब्द मामा बांगडीसाठी कधी वापरत नसत, 'वाढली' म्हणत, आणि तसं कडं दुकानाबाहेर जाऊ देत नसत. मी स्वतः बसून एकेक फट कापली. पुन्हा माळावर गेलो, तर त्या एका लहरीला काटा शून्यावर. तांबं तेवढंच, कडी तीच. करामत त्या रिकाम्या जागेची, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. कड्यांजवळ तळहात धरला तर काटा हलला.

"हात काढा," सर म्हणाले.

दुसरी लहर अडवायची तर वेगळ्या फटीची नवी फळी करायची, असा त्यांचा बेत होता. मी म्हणालो, "नवी कशाला? फटीवर ट्रिमर लावू. स्क्रू फिरवला की हीच फळी दुसरी लहर अडवेल." रेडिओत स्टेशन नीट बसवायला तो बारका कपॅसिटरच तर फिरवतो आम्ही.

सर हसले. "अहो, हा काय रेडिओ आहे?"

दुकानातल्या मोडक्या रेडिओंमधले ट्रिमर काढून मी लावले आणि फळी परत माळावर नेली. स्क्रू फिरवत गेलो तशी अडणारी लहर सरकत गेली. सर शेवटची एसटी जाईपर्यंत आकडे लिहीत होते.

पुढे दुसरी फळी द्यायला कॉलेजात गेलो. भिंतीवर मोठा छापील तक्ता, त्यात माझ्या फळीचा फोटो, ट्रिमरसकट. वर पाच नावं. अक्षर अक्षर लावून इंग्रजी वाचलं. तळाला आभार: एक स्थानिक कारागीर.

मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "कल्पना सगळ्यांची मिळून असते. आभारात घेतलंय ना तुम्हाला."

त्या पाचांपैकी ट्रिमर कुणाला सुचला? ज्याला सुचला त्याने माझ्यासमोर उभं राहून सांगावं. कुणालाच नसेल, तर माझं नाव का गाळलं ते सरांनी सांगावं.