गोळा, वाटी आणि डडली

पोर्ट हॅलम या किनाऱ्यावरच्या गावात एक न लिहिलेला कायदा आहे. तुमच्या होडीचा ट्रेलर जो गाडीला जोडून देईल, त्याला होडीत जागा द्यायची. हा कायदा कुणी केला ते कुणालाच ठाऊक नाही, पण ज्याने केला त्याच्या शेजारी डडली हॉकिंग राहत नसणार, एवढी नोलीन ट्रेझाइसला खात्री होती.

डडली माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, सरळ भांडता तरी आलं असतं. ट्रेझाइसांच्या अंगणात गाडी सुरू झाली की हा कुंपणापलीकडून उगवायचा. ‘सरक बाई, मी घेतो’ म्हणायचा, एका दमात गाडी मागे घेऊन ट्रेलर जोडायचा आणि मग हक्काने होडीत चढायचा. तिथून परत किनाऱ्याला लागेपर्यंत तोंडाला कुलूप नाही. त्याचा गुडघा, त्याच्या मुलीचा दुसरा नवरा, होड्या पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर कौन्सिलने लावलेले दिवे. आणि नोलीनचा नवरा क्लेम, ज्याने ती होडी स्वतःच्या हाताने रंगवली होती, तो मधल्या फळीवर सामानासारखा बसून राहायचा. दोन वर्षांपूर्वी क्लेमचे डोळे गेले, कडेचा थोडा उजेड तेवढा उरला. तेव्हापासून रॅम्पवरची मंडळीसुद्धा त्याला ओलांडूनच बोलायची. ‘काय डडली, लागले का व्हायटिंग मासे?’ होडी कुणाची आणि विचारताय कुणाला! नोलीनच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

म्हणून तिने ठरवलं होतं, आज आम्ही दोघंच. डडली खिम्याच्या करंज्यांसारख्या पेस्ट्या आणायला बेकरीत गेला होता. तो परतायच्या आत ट्रेलर जोडून फाटकाबाहेर पडायचं.

ट्रेलर जोडायचा म्हणजे काय, तर गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, ट्रेलरच्या तोंडाशी एक उलटी वाटी असते. गाडी मागे घ्यायची, गोळा वाटीखाली आणायचा, ट्रेलरच्या पुढच्या छोट्या चाकाचं हँडल फिरवून वाटी खाली बसवायची. सांगायला तीन वाक्यं लागतात. मागे उभं राहून हात हलवणारं कुणी असेल तर करायलाही फार वेळ लागत नाही. एकट्या माणसाला मात्र सीटवरून ना गोळा दिसतो ना वाटी.

नोलीन काही कच्ची ड्रायव्हर नव्हती. वीसेक वर्षं तिने शाळेची बस चालवली होती, गहू वाहणाऱ्या ट्रकांच्या मधून, समोर कांगारू आडवे येत असताना, मागे चाळीस पोरं बोंबलत असताना. गावातले निम्मे बाप्ये तिच्या बसमध्ये ओकून मोठे झालेले. आणि आता या एवढ्याशा गोळ्याने तिच्या नाकी नऊ आणावेत!

पहिल्या खेपेला गोळा चार बोटं डावीकडे गेला. ती उतरली, वाकली, बघितलं, चढली, गाडी पुढे घेतली. दुसऱ्या खेपेला तीन बोटं उजवीकडे. उतरली, वाकली. वाकताना कंबर कडाडली.

“स्टिअरिंग थोडं उजवीकडे घे!” व्हरांड्यातून क्लेमचा आवाज आला.

“तुला काय दिसतंय तिथून?”

“दिसत नाही. इंजिन ऐकू येतंय ना.”

“इंजिन काय सांगतं, गोळा कुठे आहे ते?”

“एवढं सांगतं की तू चिडून ॲक्सिलरेटर दाबतेयस.”

“चिडू नको तर काय नाचू?”

तिसऱ्या खेपेला तिने झाडू आणला, उलटा करून ट्रेलरच्या तोंडाशी बांधला आणि त्याच्या दांड्याला क्लेमचा लाल मोजा अडकवला, म्हणजे आरशात काहीतरी दिसेल. दिसलंही. मोजा बघत बघत ती अशी अलगद मागे आली की स्वतःचंच कौतुक वाटलं. गोळा बरोब्बर वाटीखाली! तिने इंजिन बंद केलं, उतरली, हँडलला हात घातला, आणि तिच्या डोळ्यांदेखत गाडी वीतभर पुढे सरकली.

हँडब्रेक ओढलाच नव्हता. बसचा ब्रेक लावला की मोठ्ठा फुस्स आवाज यायचा. या गाडीत आवाज येत नाही, आणि नोलीनचा हात अजून त्या आवाजाचीच वाट बघत राहतो. अंगणाला उतार आहे हे तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं.

“मसणात गेली ही गाडी!” ती ओरडली आणि चाकाला लाथ मारली. लाथ तिलाच लागली.

“काय झालं?” क्लेम उठून उभा राहिला. “नोल? लागलं का?”

“काही नाही झालं! बस तू! आणि देवाशपथ, आता एक अक्षर बोलू नकोस.”

क्लेम बसला. नंतर खरंच बोलला नाही. ते गप्प बसणं तिला बोलण्यापेक्षा जास्त टोचलं, पण माघार घ्यायला वेळ नव्हता. पुन्हा गाडीत, पुन्हा मोजा, पुन्हा मागे. या वेळी हँडब्रेक असा ओढला की तो परत सुटेल की नाही याचीच शंका यावी. हँडल फिरवलं. वाटी गोळ्यावर टेकली आणि काठावरच अडली. नोलीनने तिला शिव्या दिल्या. मग ट्रेलरच्या तोंडावर सरळ बूड टेकून बसली आणि दोन हिसके दिले. खट्ट! वाटी बसली. खिट्टी लावली, साखळी अडकवली, दिव्यांची वायर जोडली, छोटं चाक वर उचललं. हात काळे, गुडघे काळे, आणि डोळ्यांत आनंदाने की रागाने कोण जाणे, पाणी.

तेवढ्यात फाटकात डडली. हातात बेकरीची पिशवी.

“अगं, मला हाक नाही मारायची?”

“झालंय.”

“झालंय?” डडलीने ट्रेलरभोवती एक चक्कर मारली. साखळी ओढून पाहिली, खिट्टी हलवून पाहिली, खाली वाकून वायर पाहिली. काही खोट निघेना. “बरं जोडलंयस गं. हा झाडू राहू द्यायचाय का?”

नोलीनने झाडू काढून फेकला.

“मग मी जॅकेट घेऊन येतो,” डडली म्हणाला.

“नको डडली. आज आम्ही दोघंच.”

डडलीला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “असं होय. बरं, बरं. दुपारून दक्षिणेचा वारा सुटणार आहे, लवकर फिरा,” एवढं म्हणून तो बाजूला झाला.

नोलीनने क्लेमला हाताला धरून गाडीत बसवलं आणि गाडी गल्लीत काढली. मागून ट्रेलर शहाण्या पोरासारखा येत होता. रॅम्पवर तो उलटा कसा घालायचा हे पुढचं पुढे. तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं. क्लेम मात्र गप्पच.

“आता बोल की. मघाशी रागाने म्हटलं मी.”

“डडलीचं तोंड कसं झालं होतं?”

“पडलं होतं. पडू दे.”

“त्याला मीच बोलावतो, नोल.”

“काय?”

“तू गाडी काढायला गेलीस की मी फोन लावतो त्याला. त्याला होडीची हौस नाही गं. होडी लागते त्याला, मळमळतं. म्हणून तर एवढा बडबडतो. आज नाही केला फोन. तू म्हणालीस दोघंच, म्हणून नाही केला.”

नोलीनने गाडी गल्लीतच थांबवली. “आणि हे कशासाठी? मला ट्रेलर जमत नाही म्हणून?”

“ट्रेलरचं काय घेऊन बसलीस! तू पाण्यात पडलीस तर?”

“मी कशाला पडते? आणि रेडिओ आहे की होडीत. बटण दाबायचं, बोलायचं.”

“दाबीन. माणसं येईपर्यंत तू पाण्यातच. तू हाक मारशील, ती ऐकू येईल मला. पण हात कुठल्या बाजूला टाकू?”

नोलीनने स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. दोन वर्षं ती याच्या वतीने चिडत होती, की माझ्या नवऱ्याला लोक सामान समजतात. आणि ते सामान होणं यानेच कबूल केलं होतं, तिच्यासाठी, फोन करकरून. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

“हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“नाहीच म्हणाले असते!”

गल्ली एवढी अरुंद की ट्रेलरसकट वळणं अशक्य. मागे जायचं तर उलटंच जावं लागणार. नोलीनने बाहीने डोळे पुसले आणि रिव्हर्स टाकला. पहिल्या खेपेला ट्रेलर भलतीकडे वळून कुणाच्या तरी कुंपणाला टेकला. गाडी पुढे घेतली, पुन्हा मागे. पुन्हा वाकडा. क्लेमने तोंड उघडलं.

“एक अक्षर नाही,” ती म्हणाली.

पुढे, मागे, पुढे, मागे करत, अर्धी गल्ली खिडकीत गोळा करत, ती स्वतःच्या फाटकापर्यंत पोचली. तो अजून तिथेच उभा होता, पिशवी घेऊन.

“बघत काय उभा राहिलास?” नोलीन खिडकीतून खेकसली. “जॅकेट आण जा. आणि हे बघ, आजपासून क्लेमच्या शेजारी बसायचं, त्याच्याशी बोलायचं. माझ्याशी नाही.”